गाढवांच्या निवाऱ्यासाठी निधी : पंगतीनंतरच्या पंधरा वर्षांचा हिशेब

बंगळूरच्या जुन्या पेठांची नावे म्हणजे त्या नगराच्या व्यापाराची यादीच होय. अक्कीपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची, गाणिगरपेट तेल्यांची आणि कुंबारपेट कुंभारांची. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसविलेल्या या वस्तीच्या मध्यभागी चिकपेट, म्हणजे धाकटी पेठ आहे. आज तेथे रेशमी साड्यांची दुकाने आहेत, गल्ल्यांतून हातगाड्या व मालवाहू रिक्षा वाट काढतात आणि जमिनीखालून मेट्रो धावते. कुंभाराचे नाव निघाले की गाढव ओघाने आलेच. परंतु ज्या प्राण्याने माती, विटा, चुना आणि कपड्यांची गाठोडी वाहून अशी नगरे उभी केली, त्याचे नाव मात्र एकाही पेठेला मिळाले नाही.

शहाजीराजांच्या जहागिरीच्या काळापासून बंगळुरात मराठी वावरत आली आहे आणि जुन्या पेठांमध्ये मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. चिकपेटेतील अशाच काही कुटुंबांच्या मनात सहकुटुंब स्नेहभोजन योजून त्यातून गाढवांच्या निवाऱ्यासाठी निधी उभारावयाचे आहे. त्यांनी प्रस्तुत लेखकाकडे विचारणा केली ती कीटकशास्त्रज्ञ म्हणून. प्रश्न साधा होता : वीस-पंचवीस गाढवे एका जागी ठेवली तर शेजारच्या वस्तीला माश्यांचा उपद्रव होईल काय? देणगीदारांच्या बैठकीत हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. निवारा उभा राहिल्यावर मात्र शेजारी तो तक्रारअर्जातून विचारतात. म्हणून त्याचे उत्तर विस्ताराने द्यावे असे वाटले. त्यासाठी आधी निधीचे गणित पाहणे आवश्यक आहे.

व्यापाऱ्यांनी मुक्या प्राण्यांचा भार उचलण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची पांजरपोळ १८३४ मध्ये सर जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने उभी राहिली. तिचा खर्च एखाद्या समारंभातील वर्गणीवर सोडून न देता व्यापाऱ्यांनी मालाच्या उलाढालीवर ठराविक लाग बसविली. माल विकला जाईल तोवर प्राण्यांना चारा मिळेल, अशी ती योजना होती. नाथांनी काशीहून आणलेले गंगाजल तहानेल्या गाढवाला पाजल्याची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अकोला जिल्ह्यातील अकोट येथे भोई समाज गाढवांचा पोळा साजरा करतो. त्या दिवशी त्यांना न्हाऊ घालून, रंगवून त्यांची पूजा केली जाते. भावनेची उणीव आपल्याकडे नाही. उणीव आहे ती पांजरपोळीच्या लागेसारख्या नियमित व्यवस्थेची.

दरम्यान प्राणीच नाहीसा होत चालला आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवे होती. २०१९ मध्ये ती सुमारे १.२ लाखांवर आली. म्हणजे सात वर्षांत सुमारे ६१ टक्के घट झाली. महाराष्ट्रातील घट सुमारे ४० टक्के आहे. ट्रॅक्टर व टेम्पोने वाहतूक घेतली, गायराने आटली, कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी आणि परीट समाजातील पुढची पिढी या व्यवसायातून बाहेर पडली. त्यातच कातड्याच्या चोरट्या व्यापाराची भर पडली. गाढवाच्या कातड्यापासून चीनमध्ये पारंपरिक औषधी जिलेटिन बनते आणि त्या मागणीमुळे आफ्रिकेतील कळप इतके घटले की आफ्रिकी संघाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कातड्यासाठी गाढवांच्या कत्तलीवर खंडव्यापी बंदीचा निर्णय घेतला. आपल्याकडे पौष पौर्णिमेला जेजुरीस आणि रंगपंचमीच्या सुमारास पाथर्डी तालुक्यातील मढीस गाढवांचा बाजार भरतो. तेथे आजही दात पाहून सौदे होतात. परंतु ज्याचे दात झिजले, खूर वाढले, पाठ सोलली, त्या गाढवाला गिऱ्हाईक नसते. निवाऱ्यात येणारे गाढव बहुधा हेच असते.

आता हिशेब. आपल्याकडील गाढवाचे वजन साधारण १०० ते १५० किलो भरते. त्याला दिवसाकाठी सुमारे अडीच किलो कोरडा चारा लागतो, असे धरले तरी वर्षाला नऊशे किलोंच्या वर जातो. चांगल्या देखभालीत गाढव पंचवीस-तीस वर्षे जगते. म्हणजे बाराव्या वर्षी निवाऱ्यात आलेले गाढव पुढे पंधरा वर्षे जगू शकते आणि तेवढ्या काळात साडेतेरा टनांहून अधिक चारा खाते. वीस गाढवांना वर्षाकाठी अठरा टन चारा लागला. यात दर सहा ते दहा आठवड्यांनी करावयाची खुरांची छाटणी, दातांची तपासणी, धनुर्वाताची लस आणि राबत्या माणसाचा पगार धरलेला नाही. एका रात्रीच्या पंगतीतून जमलेली रक्कम छपरासाठी पुरते, फलकासाठी तर पुरतेच. चाऱ्याच्या तिसऱ्या वर्षाला ती उरत नाही. छप्पर हवेच, कारण गाढव हा मूळचा कोरड्या प्रदेशातील प्राणी असून त्याच्या केसांतून पाणी घोड्याप्रमाणे निथळून जात नाही. तथापि ते दगडी कमानीचे असण्याचे कारण नाही.

येथे एक इशारा पंगतीविषयीच द्यावयास हवा. उरलेला भात, पुऱ्या, जिलेबी दुसऱ्या दिवशी टेम्पोत भरून निवाऱ्यात पाठविण्याची हौस दात्यांना असते. गाढवाला गुळाची चव काय, असे आपण म्हणतो. चव त्याला चांगलीच कळते, पचत मात्र नाही. पिष्ट व साखर यांचा अचानक मारा झाला की पोटशूळ उठतो, खुरांच्या आतील भागास सूज येते आणि त्यातून आयुष्यभराचे लंगडेपण येऊ शकते. काही जण गाईंच्या पशुखाद्याची पोती देणगी म्हणून देतात. त्यांत मोनेन्सिन मिसळलेले असेल तर ते घोडा व गाढव या वर्गातील प्राण्यांना प्राणघातक ठरते. बुरशी न लागलेला कडबा, गव्हाचे काड, वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी एवढेच द्यावे. कोवळी हिरवी ज्वारी टाळावी.

माश्यांच्या प्रश्नाचे उत्तर असे : उपद्रव गाढवांमुळे होत नाही, साचलेल्या ओल्या कचऱ्यामुळे होतो. निवाऱ्यात मुख्यतः दोन माश्या वाढतात. घरमाशी आपल्या परिचयाची आहे. दुसरी स्टोमॉक्सिस, अर्थात गोठ्यातील चावरी माशी. दिसावयास ती घरमाशीसारखीच असते, पण तिची सोंड पुढे ताठ आलेली असते आणि नर व मादी दोघेही रक्त पितात. ती प्राण्यांच्या पायांना चावते. गाढवे एकसारखी पाय आपटीत असतील, चरणे सोडून एकमेकांना बिलगून उभी राहत असतील, तर तपासणीसाठी कीटकशास्त्रज्ञाची आवश्यकता नाही. चावरी माशी तेथे आहे. तिला निव्वळ लिदीपेक्षा लीद, मूत्र, गव्हाणीखाली सांडलेला चारा आणि ओले काड यांचे मिश्रण अधिक मानवते. उष्ण हवामानात अंड्यापासून प्रौढ माशी होण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. घरमाशीस सात ते दहा दिवस पुरतात.

या आकड्यांतच उपाय आहे. आठवड्यातून किमान दोनदा सर्व लीद व ओले काड उचलले तर कोणत्याही माशीची पिढी पूर्ण होऊ शकत नाही. उचललेला माल उघडा पसरून न ठेवता त्याचा बांधीव ढीग करावा आणि वरून काळे प्लॅस्टिक झाकावे. ढिगाच्या आत ५० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता गेली की अळ्या मरतात. कडेचा थर थंड राहतो, म्हणून ढीग पालटून तो आत घालावा लागतो. पाण्याच्या हौदाभोवती चिखल होऊ देऊ नये. माश्यांच्या कोषांवर जगणाऱ्या स्पॅलॅन्जियासारख्या परोपजीवी गांधीलमाश्या निसर्गतः असतात. भिंती व जमिनीवर सरसकट कीटकनाशक फवारले की आधी त्या जातात, माश्या मात्र परत येतात. फवारणीच्या यंत्रासाठी देणगी मागणाऱ्या निवाऱ्यास मी दोन फावडी, एक हातगाडी आणि एका माणसाचा वर्षाचा पगार द्यावा असे सुचवीन.

एक बाब शेणकिड्यांची. दात्यांना आकड्यांत सांगण्यास सोपे म्हणून अनेक ठिकाणी सर्व प्राण्यांना ठराविक महिन्यांनी आयव्हरमेक्टिन दिले जाते. हे औषध उपयुक्त आहे; परंतु त्याचा अंश लिदीतून बाहेर पडतो आणि लीद जमिनीत गाडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मारतो. शिवाय जंतांमध्ये औषधास प्रतिकार निर्माण होतो. लिदीतील जंतांची अंडी मोजून, ज्या जनावरास आवश्यकता आहे त्यालाच पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध द्यावे. तपासणीचा खर्च औषधाहून फारसा वाढत नाही.

जखमांचा विषय याहून गंभीर आहे. क्रायसोमिया बेझियाना या माशीची मादी जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला शंभर ते अडीचशे अंडी घालते. दिवसभरात अळ्या निघतात आणि त्या मेलेले नव्हे, जिवंत मांस पोखरीत आत शिरतात. आपल्याकडे याला जखमेत आसडी पडणे म्हणतात. घरमाश्या जखमेवर बसताना हॅब्रोनेमा या जंताच्या अळ्या सोडतात आणि उन्हाळाभर न भरणारे व्रण तयार होतात. मोठ्या चावऱ्या टॅबॅनस माश्या सर्रा रोगाचे परजीवी एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. या माश्यांपैकी पहिल्या दोघींना दार उघडून देते ती खोगिराखाली सोलवटलेली पाठ. आणि ती पाठ निवाऱ्यात नव्हे, वीटभट्टीवर सोलवटते.

म्हणूनच जमणाऱ्या निधीचा निम्मा भाग निवाऱ्याच्या कुंपणाबाहेर, कामावरच्या गाढवांसाठी खर्च व्हावा असे माझे मत आहे. १९६५ च्या नियमांनुसार गाढवाच्या पाठीवर ५० किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही. दिवसभरात एकूण नऊ तासांहून अधिक, आणि विश्रांतीविना सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तापमान ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन काम घेण्यास मनाई आहे. भट्टीवरील मालकास हे नियम सहसा कोणी सांगितलेले नसतात. त्याच्याशी कायद्याच्या भाषेत बोलण्याआधी जाड, कोरडी, शिवण बाहेर ठेवलेली गादी आणि जखम धुण्याचे साहित्य हाती द्यावे. त्याचे पोट त्या पाठीवर आहे आणि ती पाठ टिकावी ही त्याचीच गरज आहे. गावोगावच्या विस्तार कार्यकर्त्यांना हे काम शहरातील दात्यापेक्षा कितीतरी अधिक साधेल.

सांगली परिसरात ॲनिमल राहत ही संस्था या दोन्ही टोकांना काम करीत आली आहे. काम करणाऱ्या बैल-गाढवांवर उपचार, थकलेल्यांना आश्रय आणि वीटभट्ट्यांवर गाढवांच्या जागी ट्रॅक्टर यावेत यासाठी मालकांशी बोलणी, असे तिचे स्वरूप आहे. इंग्लंडमधील डेव्हन परगण्यात एलिझाबेथ स्वेंडसन यांनी १९६९ मध्ये एका गाढवापासून आरंभ केला. १९७४ मध्ये एका वृद्ध स्त्रीने मृत्युपत्रान्वये त्यांना पैसे ठेवले नाहीत, २०४ गाढवे ठेवली. ती त्यांनी स्वीकारली. पुढे ही संस्था जगातील अनेक देशांत पोहोचली. दानात गाढव आले की खर्चही बरोबर येतो, हे त्यांना फार लवकर कळले असावे.

नव्याने येणारे प्रत्येक गाढव किमान तीन आठवडे वेगळे ठेवून त्याची ग्लँडर्ससाठी रक्ततपासणी करावी. हा रोग माणसालाही होतो. या विषयातील अधिकृत संस्था म्हणजे हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र. नमुने स्थानिक पशुसंवर्धन विभागामार्फत पाठवावेत. वेगळे ठेवतानाही जोडीदार गाढवांची ताटातूट करू नये. जोडीदारापासून तुटलेले गाढव खाणे सोडते, अंगातील चरबी रक्तात उतरते आणि काही दिवसांत ते दगावू शकते. त्याच कारणास्तव समारंभाच्या शोभेसाठी एखादे गाढव एकटे चिकपेटेच्या गल्लीत आणू नये. छायाचित्रे पुरेशी आहेत.

राहिला मुहूर्ताचा प्रश्न. स्नेहभोजन दिवाळीत घ्यावे की संक्रांतीस, असा विचार या कुटुंबांत चालू आहे. रब्बी ज्वारीचा कडबा सोलापूर व विजयपूर भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो आणि खरेदी त्याच वेळी करणे परवडते. पावसाळ्याच्या तोंडावर तोच महागतो. जेजुरीचा बाजारही पौषातलाच. तेव्हा मेळावा संक्रांतीला असावा. हळदीकुंकवाला प्लॅस्टिकचे डबे लुटण्याऐवजी प्रत्येक घराने दहा पेंढ्या कडब्याची किंमत वाण म्हणून नोंदवावी आणि ही नोंद दर वर्षी त्याच वहीत चालू ठेवावी. परिसरातील ज्या शेतकऱ्यांकडे कडबा आहे त्यांनी निवाऱ्याशी आधीच बोलणी केल्यास परतीच्या गाडीत कुजलेले लीदखत भरून आणता येईल. वीस गाढवांच्या निवाऱ्यात ते वर्षभर साचत असते, आणि जितके लवकर ते शेतात जाईल तितक्या माश्या कमी.