आयर्विनला किती फूट?

सांगलीत कृष्णेवर उभा असलेला आयर्विन पूल १९२९ साली वाहतुकीला खुला झाला. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांचे नाव त्याला दिले गेले. सांगली संस्थानची गादी त्या वेळी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांकडे होती. दगडी कमानींवर तोललेला हा पूल शहराला सांगलीवाडीशी आणि पुढे इस्लामपूरकडच्या रस्त्याशी जोडतो. पण सांगलीकरांच्या मनात त्याची जागा वाहतुकीमुळे झालेली नाही. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी इथे मोजले जाते, आणि जुलै उजाडला की भाजी मंडईपासून कलेक्टर कचेरीपर्यंत एकच प्रश्न फिरू लागतो: आयर्विनला किती?

उत्तर फुटांत येते. सरकारी कागदावर मीटर कितीही रुळले असले, तरी पुराच्या दिवसांत सांगली फूट आणि इंचच बोलते. हे फूट पुलाजवळच्या पट्टीच्या शून्यापासूनचे असतात, रस्त्यापासूनचे किंवा घराच्या जोत्यापासूनचे नव्हेत. म्हणून बाहेरगावच्या माणसाला चाळीस फूट पाणी म्हणजे शहर बुडाले असे वाटते, आणि सांगलीकर मात्र चाळीसला फक्त सावध होतो. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी. या दोन आकड्यांमधल्या पाच फुटांत शहराचा सगळा स्वर बदलतो. चाळीसपर्यंत लोक घाटावर पाणी बघायला जातात, पंचेचाळीसनंतर पाणी लोकांकडे येऊ लागते.

पट्टीवरचा आकडा उपयोगी पडतो तो प्रत्येक घराला आपला आकडा पाठ असल्यामुळे. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर या नदीकाठच्या वस्त्यांत धोका पातळी येण्याच्या पुष्कळ आधीच पाणी शिरते. तिथली कुटुंबे चाळिशीची वाट पाहत बसत नाहीत. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड, कापड पेठ हा बाजारपेठेचा भाग पाणी आणखी चढल्यावर भिजतो. विश्रामबागेकडचा उंच भाग कोरडा राहतो आणि पूर आला की अर्धे शहर तिकडच्या नातेवाइकांकडे, शाळांत आणि मंगल कार्यालयांत मुक्कामाला जाते. दुकानदार कोणत्या फुटाला खालच्या फळीवरचा माल वर चढवायचा आणि कोणत्या फुटाला शटर ओढून निघायचे हे ठरवून असतात. ही माहिती कुठल्या पुस्तकात नाही. ती सासूकडून सुनेकडे, मालकाकडून नोकराकडे, जुन्या भाडेकरूकडून नव्याकडे जाते. पूरनियंत्रणाच्या कोणत्याही यंत्रणेपेक्षा या ज्ञानाने अधिक संसार वाचवले आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

आयर्विनखाली येणारे पाणी कुठून निघते, हे समजायला सातारा जिल्ह्यातला खंबाटकी घाट सोयीचा. घाटाच्या उत्तरेला खंडाळा तालुका. तिथल्या ओढ्यांचे पाणी नीरेला मिळते, नीरेतून भीमेला, आणि पंढरपूरवरून फिरून फार खाली, रायचूरच्या बाजूला कृष्णेत येते. घाटाच्या दक्षिणेला वाईचे खोरे लागते, आणि तिथे पडलेला पाऊस थेट सांगलीच्या वाटेला लागतो. खंडाळा स्वतः कमी पावसाचा. धोम-बलकवडी प्रकल्पाच्या कालव्याने कृष्णेचे पाणी डोंगर ओलांडून त्याच्या शेतात पोहोचले. ज्या नदीच्या जादा पाण्याने सांगली हैराण होते, तिच्याच पाण्याची वाट खंडाळ्याच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिली.

महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा धोम धरणातून वाईला येते. पुढे कण्हेर, उरमोडी, तारळी या धरणांचे पाणी तिला मिळते आणि कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कोयना. कोयना धरणाची साठवण १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे; धोम साडेतेरा, कण्हेर दहा, उरमोडीही जवळपास तेवढेच. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. धरणे जुलैअखेर भरत आलेली असताना घाटमाथ्यावर सलग धार लागली, की वरून येणारे पाणी साठवायला जागा उरत नाही आणि दरवाजे उचलावे लागतात. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस, धरणांतला विसर्ग आणि मधल्या मोकळ्या खोऱ्यातला पाऊस असे तिन्ही एकाच वेळी आले म्हणजे महापूर.

म्हणून जाणता सांगलीकर आयर्विनचा आकडा एकटा विचारत नाही. कोयनेतून किती क्युसेक सोडले? कऱ्हाडच्या कृष्णा पुलाला काय आहे? बहे, ताकारी, भिलवडी? वरून खाली या पुलांचे आकडे लागोपाठ वाचले की पाण्याची चाल दिसते. कोयनेतून सुटलेले पाणी सांगलीत यायला सुमारे एक दिवस लागतो. भिलवडीला पाणी ठरले, म्हणजे चढायचे थांबले, की सांगलीत काही तासांनी ठरणार असा हिशेब मांडता येतो. दर तासाला किती इंच, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा. तासाला सहा इंच चढणारे पाणी आणि तासाला एक इंच चढणारे पाणी यांत एका घराची सामानासकट सुटका होते की फक्त माणसांची, एवढे अंतर आहे.

नदीच्या खालच्या अंगाचे गणित अधिक अवघड. सांगलीला लागूनच हरिपूरला वारणा कृष्णेत मिळते. चांदोलीचे धरण भरून वारणा फुगली की कृष्णेच्या पाण्याला पुढे सरकायला वाट मिळत नाही आणि ते मागे सांगलीत तुंबते. आणखी खाली नृसिंहवाडीला पंचगंगा येते, तीही त्याच दिवसांत कोल्हापूरला वेढून आलेली असते. त्यापुढे कर्नाटकातला हिप्परगीचा बंधारा आणि अलमट्टीचे धरण. अलमट्टीच्या पाण्याची फूग सांगलीपर्यंत येते की नाही, हा वाद दोन राज्यांत वर्षानुवर्षे चालला आहे. २०१९ नंतर महाराष्ट्र सरकारने नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून पुराची कारणे तपासली. या वादात एक साधी गोष्ट मागे पडते: नदीच्या पात्रात आणि ओढ्यानाल्यांवर शहराने स्वतः केलेली बांधकामे. ती अलमट्टीने केलेली नाहीत.

२००५ हे वर्ष जुन्या सांगलीकरांच्या बोलण्यात अजून येते. त्या वर्षी २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच पावसाळ्यात आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले. हरिपूरची हळदीची पेवे त्या पुरात गेली. जमिनीत खोल खोदलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. सांगलीच्या हळद व्यापाराचा तो पायाच होता. पाणी जमिनीतून पाझरले आणि पुष्कळ पेवे कायमची निकामी झाली. तेव्हा मोबाइल थोड्यांकडेच होते. आकडा आकाशवाणीवरून, स्थानिक वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेरच्या फळ्यांवरून आणि पुलावरून परतणाऱ्या माणसाच्या तोंडून कळे.

त्याच वर्षी २९ ऑगस्टला अमेरिकेत कॅटरीना चक्रीवादळ आले. जॅझ संगीताचे माहेर असलेल्या न्यू ऑर्लिन्सचे तटबंध फुटले आणि सुमारे ऐंशी टक्के शहर पाण्याखाली गेले. तिथे पुलावरचा आकडा कुणी विचारत नव्हते. जगभरचे जॅझप्रेमी इंटरनेटवर एकमेकांना माणसांची नावे विचारत होते: अमुक वादक निघाला का, तमुक गायक कुठे दिसला का. पियानोवादक फॅट्स डॉमिनो गेल्याची बातमी पसरली, त्यांच्या घरावर कुणी श्रद्धांजलीही लिहून ठेवली. प्रत्यक्षात त्यांना बोटीतून सुखरूप काढले होते. डब्ल्यूडब्ल्यूओझेड हे तिथले संगीताचे रेडिओ केंद्र बंद पडले, तेव्हा न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू केंद्राच्या मदतीने त्याचे संगीत इंटरनेटवरून पुन्हा सुरू झाले आणि सुखरूप सापडलेल्या कलावंतांची यादी त्याच्या संकेतस्थळावर ठेवली गेली. श्रोत्यांच्या गप्पांतूनच शोधकार्य उभे राहिले. शहर विखुरले तरी ज्यांचे प्रेम त्या शहराच्या संगीतावर होते ते लोक विखुरले नाहीत, आणि त्याचा उपयोग खऱ्या माणसांना झाला.

सांगलीत असे बोलणे मोठ्या प्रमाणावर २०१९ च्या ऑगस्टमध्ये घडले. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ चा आकडा मनात धरून थांबलेली घरे फसली. गेल्या पुरात पाणी पायरीपर्यंतच आले होते म्हणून वरच्या मजल्यावर राहिलेली कुटुंबे दिवसचे दिवस अडकली. वीज गेली, दूध आणि इंधन संपले, पुणे-बंगळूरु महामार्ग कोल्हापूरजवळ बंद राहिला. त्या दिवसांत प्रत्येक गल्लीचा व्हॉट्सअ‍ॅप गट नियंत्रण कक्ष झाला होता. कोणत्या गच्चीवर किती माणसे, कुठे गरोदर बाई, कुठे इन्सुलिन हवे, बोट कोणत्या बाजूने येऊ शकेल, हे सगळे तिथे लिहिले जात होते. पुण्यामुंबईत आणि परदेशात असलेली मुले रात्रभर जागून आईवडिलांचा पत्ता बचावपथकांपर्यंत पोहोचवत होती. फोनची बॅटरी संपली की तो धागा तुटे.

या बोलण्याचे दोष त्याच पुरात दिसले. वेळ न लिहिता पुढे ढकललेला निरोप सहा तासांनीही ताजाच वाटतो. सकाळी ५५ फुटांचा आकडा दुपारी वाचणारा माणूस निर्धास्त राहतो, किंवा विनाकारण घाबरतो. धरण फुटल्याची अफवा अशा वेळी सर्वांत घातक, कारण पानशेत धरण फुटल्याची आठवण महाराष्ट्राच्या मनात आहे. आणि जिथे हे बोलणे पोहोचलेच नाही तिथे काय होते हे ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला दिसले. कृष्णा आणि येरळेच्या संगमावरच्या या गावात, वेढलेल्या माणसांना नेणारी बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. बोटीत क्षमतेहून अधिक माणसे होती. आयर्विनचा आकडा शहराला तासातासाला मिळत होता. नदीकाठच्या गावांकडे त्यांचा स्वतःचा आकडा आणि पुरेशा बोटी नव्हत्या. या पुराचे सर्वांत मोठे अपयश तेच.

पाणी उतरल्यावर जे समोर आले त्यात ग्रंथही होते. सांगलीच्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ज्या गावात मराठी नाटक उभे केले, त्या गावाचे हे नुकसान पैशांत मोजता येत नाही. घरोघरच्या पेट्या, तबले, तंबोरे यांचेही तेच. भोपळा आणि लाकूड सरसाने जोडलेला तंबोरा पाण्यात राहिला की सांधे सुटतात, तबली फुगते; पेटीचा भाता कुजतो, सूर गंजतात. मिरज शेजारीच असल्यामुळे वाद्य दुरुस्त करणारे हात जवळ आहेत, हे सांगलीचे भाग्य. पुस्तकांना तसे हात मिळत नाहीत.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास पोहोचले. या वेळी लोक लवकर निघाले. दुकानांतला माल वेळेत हलला, गोठे आधी रिकामे झाले. दोन वर्षांपूर्वीचा आकडा प्रत्येकाच्या भिंतीवर चिखलाच्या रेघेने लिहिलेला होता. जलसंपदा विभागाने कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत पाऊस व पाणीपातळी आपोआप नोंदवून पाठवणारी केंद्रे बसवली आहेत आणि धरणांचे विसर्ग आता मोबाइलवर वाचता येतात.

या सोयी वाढल्या तरी घराचा आकडा घरानेच ठरवायचा असतो. पुरानंतर रंग दिलेल्या भिंतींवरून २०१९ ची रेघ पुसली गेली आहे, आणि नव्या इमारतींत राहायला आलेल्यांना ती कधी दिसलीच नाही. महापालिकेने प्रत्येक चौकात, प्रत्येक पूरपट्ट्यातल्या विजेच्या खांबावर २००५, २०१९ आणि २०२१ च्या पातळ्या रंगवाव्यात. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने आपली पट्टी, आपली बोट आणि बोटीत किती माणसे बसतील याचा फलक पावसाळ्याआधी तयार ठेवावा. आणि नदीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाने आयर्विनला किती फूट झाले की आपल्या उंबऱ्याला पाणी लागते, हे शेजाऱ्याला विचारून दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावे.