अंगावरचं काम

जालना एमआयडीसीत नव्याने कामाला लागलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात दोन शब्दांतला फरक कळतो. एक हजेरीचं काम आणि दुसरं अंगावरचं काम. हजेरीच्या कामात दिवस भरला की दिवसाचे पैसे पडतात. अंगावरच्या कामात ठेकेदाराशी एक आकडा ठरतो. एवढा भंगाराचा ट्रक खाली करायचा, एवढ्या सळया बांधून गाडीत भरायच्या, त्याचे एवढे पैसे. लवकर उरकलं तर फायदा तुमचा. मध्येच पाठ धरली तर दुखणंही तुमचंच. आणि उद्या ट्रक आलाच नाही, तर उद्याचे पैसेही नाहीत.

व्यावसायिक बॉक्सरची सगळी कारकीर्द म्हणजे असं अंगावर घेतलेलं काम आहे. मुलाने बॉक्सिंग शिकायचं म्हटलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘यात पगार किती?’ कुणी या प्रश्नाला हसू नये. व्यावसायिक बॉक्सिंगचं सगळं अर्थकारण त्याच्याच उत्तरात आहे, आणि ते उत्तर असं की पगार नाही. लढत असते, तिचा आकडा असतो आणि दोन लढतींच्या मध्ये काहीही नसतं.

आपल्याकडे बॉक्सिंग म्हटलं की डोळ्यांसमोर ऑलिंपिक येतं. पण ऑलिंपिकची वाट हौशी बॉक्सिंगमधून जाते आणि ती वेगळीच आहे. तिथे तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या, अंगात बनियन, आणि जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या. कमाई प्रमाणपत्राची. व्यावसायिक बॉक्सर उघड्या अंगाने उतरतो. नवखा असेल तर चार फेऱ्या, मग सहा, आठ, दहा, आणि मोठ्या किताबासाठी बारा. पूर्वी किताबाची लढत पंधरा फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास वेगासला रे मॅन्सिनीशी चौदाव्या फेरीपर्यंत लढलेला कोरियाचा डुक कू किम चार दिवसांनी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेला. त्यानंतर वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलने फेऱ्या बारावर आणल्या आणि पुढे बाकीच्या संघटनाही तिथेच आल्या. एक माणूस गेल्यावर तीन फेऱ्या कमी झाल्या. आपल्या कारखान्यांतले सुरक्षेचे नियमही बहुतेक असेच, कुणीतरी गेल्यावर, भिंतीवर लागलेले असतात.

बॉक्सिंगमधला ठेकेदार म्हणजे प्रवर्तक, प्रमोटर. तो हॉल घेतो, टीव्हीशी बोलणी करतो, जोड्या लावतो, तिकिटं विकतो आणि दोन्ही बॉक्सरना ठरलेली रक्कम देतो. त्या रकमेतून व्यवस्थापकाचा वाटा जातो, साधारण दहा टक्के प्रशिक्षकाला जातात, शिवाय सरावाचा, खाण्याचा, तपासण्यांचा खर्च निघतो. व्यवस्थापकाने बॉक्सरच्या बाजूने भांडायचं आणि प्रमोटरने आपला धंदा बघायचा, अशी ही रचना. दोघं एकच झाले की बॉक्सरच्या बाजूने बोलायला कुणी उरत नाही. अमेरिकेत म्हणूनच २००० साली महंमद अलीच्या नावाने कायदा झाला. व्यवस्थापकाने प्रमोटरच्या धंद्यात पैसा गुंतवायचा नाही आणि प्रमोटरने आपली कमाई बॉक्सरसमोर उघड करायची, अशी त्यातली कलमं आहेत. आपल्याकडे बॉक्सरसाठी असा वेगळा कायदा नाही.

बॉक्सरच्या हातात भांडवल एकच असतं, त्याचा हिशेब: किती जिंकल्या, किती हरल्या, किती समोरच्याला पाडून जिंकल्या. ‘बारा-शून्य’ एवढ्यावर त्याची किंमत ठरते. म्हणून ज्याच्यावर प्रमोटरची मदार असते, त्याला सुरुवातीला झेपतील असे प्रतिस्पर्धी दिले जातात. ते प्रतिस्पर्धी येतात कुठून? त्यासाठीही माणसं असतात आणि तेही अंगावरचंच काम करतात. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचा पीटर बकली १९८९ ते २००८ या काळात ३०० व्यावसायिक लढती लढला. त्यातल्या २५६ हरला, ३२ जिंकला, १२ बरोबरीत सुटल्या. बकलीला कुणी पडेल बॉक्सर म्हटलं तर मला राग येतो. एखाद्याचा प्रतिस्पर्धी आयत्या वेळी गळला तर फोन बकलीला जायचा. वाढत्या पोरांसमोर उभं राहायचं, त्यांना शिकू द्यायचं, स्वतः सहसा पडायचं नाही, आणि पुढच्या लढतीसाठी शरीर शाबूत ठेवून घरी जायचं, हे त्याचं कसब होतं. चेंडू चुकवण्याइतकाच ठोसा चुकवण्यालाही अंदाज लागतो, आणि एकोणीस वर्षं तो टिकवणं सोपं नाही.

भारतात व्यावसायिक बॉक्सिंगचा चेहरा विजेंदर सिंग. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक, हरियाणा पोलिसांत डीएसपीची नोकरी. २०१५ मध्ये तो व्यावसायिक झाला. सरकारी नोकरीतला माणूस पैशासाठी लढू शकतो का, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. १० ऑक्टोबर २०१५ ला मँचेस्टरमध्ये पहिली लढत, आणि त्या वर्षाच्या उरलेल्या तीन महिन्यांत एकूण तीन. जुलै २०१६ मध्ये दिल्लीत केरी होपला हरवून त्याने आशिया-पॅसिफिकचा किताब घेतला. ५ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत, वरळीच्या एनएससीआयमध्ये, चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला गुणांवर हरवलं. तेव्हा भारत आणि चीन यांच्यात डोकलामचा तणाव होता. रिंगमध्येच विजेंदर म्हणाला की शांततेसाठी हा पट्टा परत द्यायला मी तयार आहे.

टाळ्या पडलेल्या या लढतींपेक्षा मधल्या तारखा बघाव्यात. डिसेंबर २०१७ पर्यंत दहा लढती, दहाही जिंकलेल्या. पुढची लढत थेट जुलै २०१९ मध्ये, अमेरिकेत न्यूअर्कला. म्हणजे दीड वर्षाहून जास्त खंड. त्यात प्रमोटर बदलला, दक्षिण दिल्लीतून लोकसभेची निवडणूकही लढवून झाली. नोव्हेंबर २०१९ ला दुबई, मग करोना, आणि त्यानंतरची लढत मार्च २०२१ मध्ये पणजीला, मांडवीत उभ्या असलेल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर. तिथे रशियाच्या आर्टिश लोपसानने पाचव्या फेरीत त्याला हरवलं आणि बाराच्या पुढचं शून्य गेलं. ऑगस्ट २०२२ ला रायपूरमध्ये एक विजय. २०१५ पासून तोवर सात वर्षांत चौदा लढती. ज्याचं नाव घराघरांत माहीत आहे, त्याच्या वाट्याला दीड-दीड वर्षाचे खंड आले. मग ज्याच्या मागे ना पदक ना नाव, त्या पोराने दोन ट्रकांमधले दिवस कसे काढायचे?

लढतीच्या संध्याकाळी कपडे बदलायच्या खोलीत डोकावलं तर हे काम जवळून दिसतं. बॉक्सर खुर्ची उलटी करून बसतो, हात खुर्चीच्या पाठीवर टेकवतो, बोटं फाकवतो. प्रशिक्षक कापडी पट्टी आधी मनगटाभोवती, मग तळव्यावरून, मग बोटांच्या फटींतून फिरवत नेतो. गाठींवर घडी ठेवतो आणि वर चिकटपट्टी ओढतो. फार आवळली तर हात बधिर होतो, सैल राहिली तर दुसऱ्याच फेरीत मनगट जातं. मधूनमधून बॉक्सर मूठ वळून दुसऱ्या तळव्यावर आपटून बघतो, मान हलवतो, पुन्हा एक वेढा. समोरच्या गोटातला एकजण हे सगळं उभं राहून पाहत असतो, पट्टीत कडक काही लपवलेलं नाही ना याची खात्री करायला. मग निरीक्षक त्यावर सही करतो आणि वरून हातमोजे चढतात. वेल्टरवेटपर्यंत, म्हणजे साधारण ६६.७ किलोपर्यंत, ते आठ औंसांचे, त्यावर दहा औंसांचे. हा हातमोजा समोरच्याचं डोकं वाचवायला असतो अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. खरं तर तो मारणाऱ्याच्या मुठीची हाडं वाचवतो, आणि मूठ वाचली की डोक्यावर जास्त वेळा मारता येतं.

त्याचं बिल पुढे येतं. १९२८ मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने बॉक्सरांचं अडखळणारं चालणं, जड होणारी जीभ, मंदावत जाणारी बुद्धी यांची वैद्यकीय नोंद केली. डोकं सुजलं की दिसतं, आत काय झालं ते वीस वर्षांनी दिसतं. वजनाचा मारही अंगालाच. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. त्यासाठी प्लास्टिकचा सूट घालून पळायचं, पाणी तोडायचं आणि अंगातलं पाणी काढून काट्यावर चढायचं. भट्टीसमोर उभ्या माणसाला घाम जातो तेव्हा त्याने पाणी प्यावं म्हणून मुकादम ओरडतो. इथे प्यायचं नाही म्हणून ओरडतात. मला हा भाग या खेळातला सगळ्यात निर्दय वाटतो.

पैशासाठी अंगाचं काम करणारा खेळाडू आपल्या मातीत नवा नाही. पैलवान हा आपला जुना व्यावसायिक खेळाडू. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची गादी जालन्यात, आझाद मैदानावर आली होती. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखने आदल्या वर्षीच्या महाराष्ट्र केसरीला, पुण्याच्या अभिजित कटकेला, ११-३ ने हरवून गदा नेली. पण पैलवानाचं वर्ष गदेवर चालत नाही, जत्रेवर चालतं. चैत्रापासून गावोगावच्या यात्रा लागतात, यात्रा कमिटी वर्गणी काढते, जोड लावते. पोरं आधी रेवड्यांवर आणि नारळांवर खेळतात, मग शंभरावर, हजारावर, आणि नाव झालं की लाखाच्या इनामावर. हरलेल्यालाही गाव रिकाम्या हाती पाठवत नाही. तालमीत वस्ताद असतो, खुराकाला कुणीतरी दूध-तूप लावून दिलेलं असतं. म्हणजे दोन कुस्त्यांमधला काळ गाव सांभाळतं. बॉक्सरला जत्रा नाही. त्याचा चार फेऱ्यांचा सामना कुठल्याही गावच्या कमिटीच्या पत्रकावर नसतो. आपल्याकडे व्यावसायिक बॉक्सिंग का रुजत नाही, याचं माझ्या मते खरं कारण हे आहे. छातीचा प्रश्न इथे कधीच नव्हता.

म्हणून आपली मुलं हौशी बॉक्सिंगमध्ये राहतात आणि नोकरी गाठतात, आणि मी त्यांना अजिबात दोष देत नाही. जालन्याहून देऊळगाव राजामार्गे चिखलीकडे गेलं की चिखली तालुक्यात सवणा गाव आहे. तिथला अनंता चोपडे अकोल्याच्या क्रीडा प्रबोधिनीत बॉक्सिंग शिकला. २०१९ मध्ये इंडोनेशियाच्या प्रेसिडेंट्स कपमध्ये ५२ किलोत आणि २०२२ मध्ये फुकेतच्या थायलंड ओपनमध्ये ५४ किलोत त्याने सुवर्ण घेतलं. राष्ट्रीय स्पर्धांत तो रेल्वेकडून उतरतो. नागपूरची अल्फिया पठाण २०२१ मध्ये पोलंडला ८१ किलोवरील गटात युवा जगज्जेती झाली. पुण्याच्या देविका घोरपडेने पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये ५२ किलोत तोच मान मिळवला. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, लष्कर यांच्याकडे पदकांचा हिशेब लागतो. रिंगमधल्या नऊ मिनिटांच्या बदल्यात तीस वर्षांची हजेरी मिळत असेल, तर कोण अंगावरचं काम घेईल?

तरीही ज्याला ते घ्यायचं आहे, त्याच्यासाठी काय करता येईल, हे एमआयडीसीइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही. महिना २१ हजारांपर्यंत मजुरी असलेल्या कामगाराला ईएसआयचं कार्ड मिळतं. हात मोडला तर दवाखाना, आणि कामावर येता येत नाही तोवर मजुरीचा काही भाग. बॉक्सरच्या दोन लढतींमधल्या दिवसांना नेमकं एवढंच हवं आहे. सळई करणाऱ्या, बियाणं भरणाऱ्या कारखान्यांपैकी एकाने जरी एका पोराला हजेरीवर घेतलं, सकाळी सरावाला मोकळं सोडलं, लढतीच्या आठवड्यात त्याचा खाडा धरला नाही, तरी जत्रेची जागा भरून निघते. हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. एका मराठी बॉक्सरला, बॉक्सिंग संपल्यानंतर का होईना, कारखान्याने हजेरी दिलेली आहे.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर लष्करात ईएमई या तांत्रिक दलात होते आणि तिथले चांगले बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि बॉक्सिंग संपलं. बरं होता होता ते पाण्यात उतरले. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइल त्यांनी ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक जिंकलं. पॅरालिंपिकमधलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं. मधल्या काळात पेटकर पुण्यात टाटांच्या टेल्को कारखान्यात कामाला होते, हजेरीवर.