चार मिलिमीटरचा थर

राळेगणसिद्धीत १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने पाणलोटाची कामे झाली, विहिरींचे पाणी टिकू लागले, चारा वाढला आणि त्याबरोबर दुग्धव्यवसायही वाढला. दुधावर संसार चालणाऱ्या अशा गावांत कासदाह, म्हणजे शेतकऱ्यांच्या बोलीतील दगडी, हा घराच्या मिळकतीवरच घाला घालणारा रोग ठरतो. गाईच्या कासेला सूज येते, दुधात गाठी दिसतात. परंतु रोग कोणत्या जिवाणूमुळे झाला आणि त्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे केवळ लक्षणांवरून ठरत नाही. त्यासाठी दुधाच्या नमुन्यातून जिवाणू वेगळा काढून त्याची औषध-संवेदनशीलता तपासावी लागते, आणि ही तपासणी कितपत विश्वसनीय आहे हे ज्या पोषक थरावर जिवाणू वाढवला जातो त्या संवर्धन माध्यमावर अवलंबून असते.

या कामी जगभर वापरले जाणारे म्युलर-हिंटन अगार हे माध्यम जॉन हॉवर्ड म्युलर आणि जेन हिंटन यांनी १९४१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परमा व मेंदूज्वराच्या जिवाणूंसाठी तयार केले. पुढे १९६६ मध्ये बाउअर, कर्बी आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रमाणित चकती-पद्धतीचा ते आधार बनले. त्यात गोमांसाचा अर्क, आम्लाने विघटित केलेले केसीन हे दुधातील प्रथिन, थोडा स्टार्च आणि समुद्री शेवाळापासून मिळणारे, द्रावणाला घट्टपणा देणारे अगार असते. जिवाणूंच्या वाढीला बाधक असे मेदाम्लांसारखे पदार्थ स्टार्च शोषून घेतो.

मुंबईच्या हायमीडियासारख्या कंपन्या हे मिश्रण भुकटीच्या रूपात पुरवतात. एक लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात ३८ ग्रॅम भुकटी उकळून पूर्ण विरघळवली जाते आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या पात्रात, १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे निर्जंतुक केली जाते. नंतर द्रावण ४५ ते ५० अंशांपर्यंत निवल्यावर ते सपाट पृष्ठभागावर ठेवलेल्या पेट्री डिशमध्ये ओततात. ९० मिलिमीटर व्यासाच्या डिशला सुमारे २५ मिलिलिटर द्रावण लागते आणि त्यातून चार मिलिमीटर जाडीचा थर मिळतो. स्ट्रेप्टोकोकाय गटातील जिवाणू या साध्या माध्यमावर नीट वाढत नसल्याने त्यांच्यासाठी त्यात मेंढीचे पाच टक्के रक्त मिसळतात.

जिवाणूंचे ठरावीक घनतेचे द्रावण या थरावर समप्रमाणात पसरवून त्यावर औषधाच्या सहा मिलिमीटरच्या चकत्या ठेवतात आणि डिश सुमारे ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवतात. चकतीतील औषध अगारमध्ये पसरते, जिवाणूची वाढ थांबते तेथे स्वच्छ वलय उमटते आणि त्याचा व्यास प्रमाणित तक्त्याशी ताडून जिवाणू संवेदनशील की प्रतिकारक हे ठरवले जाते. थर जाड झाला तर औषध खोलवरही पसरल्यामुळे वलय लहान होऊन चांगले औषध निरुपयोगी वाटू शकते, आणि थर पातळ झाला तर निरुपयोगी औषध उपयोगी भासू शकते. माध्यमाचा सामू ७.२ ते ७.४ असावा लागतो. तो आम्लतेकडे झुकला तर जेन्टामायसिन व एरिथ्रोमायसिनचा प्रभाव कमी, तर टेट्रासायक्लिनचा जास्त दिसतो. माध्यमात कॅल्शियम व मॅग्नेशियम प्रमाणाबाहेर असतील तर स्यूडोमोनास जिवाणूवर जेन्टामायसिनची वलये आकुंचित होतात. म्हणूनच माध्यमाचा प्रत्येक नवा घाणा वापरण्यापूर्वी ज्यांचे वलय आधीपासून ठाऊक आहे अशा प्रमाणित जिवाणूंवर त्याची परीक्षा घेतली जाते.

या काळजीचे फळ मिळण्यासाठी गोठ्यातही एक शिस्त आवश्यक आहे, ती म्हणजे प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यापूर्वीच सड स्वच्छ करून निर्जंतुक बाटलीत दुधाचा नमुना घेणे आणि तो थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवणे. नमुना, माध्यम आणि मोजमाप ही तिन्ही चोख असतील, तरच नेमके औषध निवडता येईल, गाय लवकर बरी होईल आणि अंदाजाने दिलेल्या औषधांमुळे प्रतिकारक जिवाणूंना मिळणारे बळ रोखता येईल.