धाकधूक अभ्यासिकेतच होऊ द्या

१९०१ साली शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि खेड्यातल्या पोरांनी शिकायला कोल्हापूर गाठायची रीत पडली. आज राधानगरी, चंदगड, शाहूवाडीकडची मुलंमुली एमपीएससीसाठी इथल्या अभ्यासिकांत जागा धरून बसतात. पूर्वपरीक्षा तोंडावर आली की गाऱ्हाणं ठरलेलं: तीनदा रिव्हिजन झाली, तरी पोटात गोळा येतो आणि पेपर हातात पडला की सगळं ब्लँक.

यात घाबरटपणा शोधू नये. धोका जाणवला की मेंदूतला अमिग्डाला इशारा देतो. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी आधी ॲड्रेनालिन सोडतात, छाती धडधडू लागते. मागोमाग कॉर्टिसॉल वाढतं आणि वीस-तीस मिनिटांत शिगेला पोचतं. याच वेळी पाठ केलेलं आठवणं जड जातं. राज्यसेवा पूर्वच्या पहिल्या पेपरात दोन तासांत १०० प्रश्न सोडवायचे, आणि चुकलेल्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. धडधड व्हायला आणखी काय हवं?

यावरचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं संशोधन अभ्यासाच्या पद्धतीबद्दल आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी ते २०१६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. १२० जणांना शब्द आणि चित्रं लक्षात ठेवायला दिली. काहींनी ती पुन्हा पुन्हा पाहिली, बाकीच्यांनी न पाहता आठवून लिहिली. दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांतल्या निम्म्यांना लोकांसमोर आयत्या वेळी भाषण करायला आणि अवघड गणितं सोडवायला लावलं. कॉर्टिसॉल चढल्यावर पुन्हा पाहणाऱ्यांची स्मृती घसरली. आठवून लिहिणाऱ्यांची घसरली नाही. ताण आला, पण आठवण शाबूत राहिली.

तरीही बहुतेक जण वाचतच का राहतात? कारण वाचल्यावर बरं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे मोजलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर उतारा फिरून वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर घेतली तर स्वतःची परीक्षा घेणारे. आपल्याला जास्त आठवेल अशी खात्री मात्र फिरून वाचणाऱ्यांनाच अधिक होती. तीन रंगांच्या हायलायटरने रंगलेलं पान ओळखीचं वाटतं, आणि ही ओळखच आपली फसवणूक करते.

राज्यघटनेची अकरावी अनुसूची घ्या. ७३ व्या घटनादुरुस्तीने आलेली, पंचायतींकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी. वाचताना प्रत्येक विषयाला मान डोलते: शेती, लघुसिंचन, पिण्याचं पाणी, ग्रामीण घरबांधणी. आता पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहा. दहा-बाराला गाडी अडते आणि पोटात तोच गोळा येतो. पुस्तक उघडायचा मोह होतो, तो दोन मिनिटं आवरायचा. अडल्यावर डोकं खाजवण्यातच स्मृती पक्की होते. मग पुस्तक उघडून सुटलेले विषय पाहायचे आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा कोरा कागद घ्यायचा. खासबाग मैदानात कुस्ती कितीही पाहिली तरी डाव अंगात भिनतो तो तालमीच्या मातीत, पाठ टेकवून घेत. टेस्ट सिरीज ‘सगळा अभ्यास झाल्यावर’ लावू म्हणणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात घ्यावं. कमी गुणांची भीती अभ्यासिकेत भोगलेली परवडते.

परीक्षेच्या दिवसासाठीही एक साधी गोष्ट आहे. रामिरेझ आणि बायलॉक या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की पेपरआधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर उतरवली, तर जास्त घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांचे गुण सुधारतात. काळजी मनात घोळत राहिली की विचार करायला लागणारी जागा ती अडवते. लिहिल्यावर ती जागा मोकळी होत असावी, असं त्यांचं म्हणणं. केंद्राबाहेर शेवटच्या क्षणी नोट्स चाळण्यापेक्षा हे बरं.

झोपेबद्दल फार सांगायला नको. रात्री दहाच्या चहातलं निम्मं कॅफिन पाचेक तासांनीही रक्तात असतं, आणि दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो.

काहींची धाकधूक मात्र परीक्षेपुरती राहत नाही. झोप उडते, जेवण तुटतं, जगणंच नको वाटू लागतं. तेव्हा अभ्यासाची पद्धत बदलून भागत नाही. डॉक्टरांकडे जावं, किंवा ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करावा. तिथे मराठीतही बोलता येतं. शेजारच्या टेबलावरचा मित्र गप्प गप्प झालेला दिसला, तर त्यालाही हा नंबर लावून द्यावा.