तिचं नाव कुठल्याच यादीत नाही

2025 मध्ये दिव्यांगांचं मासिक अनुदान दीड हजारावरून अडीच हजार झालं. वाढ हवीच होती. पण आमच्या लोहाऱ्यात ती बातमी वाचताना जुना सल पुन्हा ठसठसला. अंथरुणावरच्या माणसाला काहीतरी मिळतं. त्याचं हागणंमुतणं काढणाऱ्या बाईला आजही छदाम नाही.

1980 ला संजय गांधी निराधार योजना आली, पुढे श्रावणबाळ आली. नावं मोठी, रक्कम तुटपुंजी.

1993 नंतरची दहा वर्षं मात्र विसरता येत नाहीत. त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने सास्तूर, होळी, राजेगाव हा सगळा टापू भुईसपाट झाला. मेलेल्यांची गणती झाली. कण्याला मार बसून जे कायमचे पडून राहिले, त्यांना पत्र्याच्या शेडमध्ये बायका, सुना, पोरी सांभाळत होत्या. सास्तूरला दिलेली माझी मामेबहीण दर दोन तासांनी सासऱ्यांची कूस बदलायची. पाठ चिघळू नये म्हणून जुन्या धोतराच्या घड्या खाली सरकवायची. तिची खुरपणी सुटली, रोजगार हमीची हजेरी सुटली. ती बुडालेली मजुरी कुणी विचारली नाही.

जागतिक बँकेच्या मदतीने घरं उभी राहिली, जमीन पाहून 250, 400 आणि 750 चौरस फुटांची. भूमिहीनाला सगळ्यांत लहान. घरात कोण पडून आहे, हे त्या हिशेबात नव्हतंच. नव्या गावठाणात रस्ते रुंद झाले, भावकी पांगली. “जरा लक्ष ठेव गं, पाणी घेऊन येते,” असं सांगायला भिंतीपलीकडे हक्काचं माणूस उरलं नाही. पुनर्वसनाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे कधी लिहिलं नाही. मला त्याचा आजही राग आहे.

2007 च्या कायद्याने आईबापांना सांभाळायची सक्ती केली. सांभाळणाऱ्याला हात दिला नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता लिहिलेला आहे. आमच्याकडे तो कुणाच्या हाती पडलेला मी पाहिला नाही. केरळ ‘आश्वासकिरणम’ योजनेतून सांभाळणाऱ्याला महिना 600 रुपये देतं. रक्कम थोडी आहे, पण तिथे सांभाळणारीची दखल तरी आहे.

आशाताईंना मोबदला देऊन प्रत्येक गावात यादी करा: अंथरुणाला खिळलेलं माणूस कोण आणि त्याला सांभाळतं कोण. मग भत्ता तिच्याच खात्यावर टाका, आणि महिन्यातले चार दिवस तिच्या जागी बदली माणूस द्या.