मुलांचा चित्रफलक आणि अनाम स्वयंसेवक

'टक्स पेंट' हा बालकांसाठी रचलेला चित्रकलेचा मुक्त कार्यक्रम बिल केंड्रिक यांनी 2002 साली प्रथम प्रसिद्ध केला. परंतु कर्त्याने लिहिलेली मूळ संहिता आणि शाळेतील संगणकावर एका आज्ञेसरशी उतरणारा सिद्ध कार्यक्रम यांच्यामधील मोठा टप्पा डेबियनसारख्या लिनक्स वितरणातील स्वयंसेवक पार पाडतात, ज्यांची नावे सहसा कोणाच्या कानी पडत नाहीत. संहितेस यंत्राला उमजेल असे रूप देणे, तिला कोणत्या इतर घटकांची गरज आहे याची नोंद ठेवणे ही कामे तर आहेतच. पण सर्वांत जिकिरीचे काम परवान्यांच्या खातरजमेचे, कारण मुलांच्या कार्यक्रमांत चित्रे आणि ध्वनी विपुल असतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाचा वापर, बदल व पुनर्वितरण करण्याची मुभा असल्याशिवाय डेबियनच्या मुख्य विभागात त्यास प्रवेश मिळत नाही. एखाद्या पक्ष्याच्या ध्वनिमुद्रणाचा परवाना संदिग्ध असेल, तर ते कितीही मधुर असले तरी वगळावे लागते. ही कठोरता मला सर्वथैव योग्य वाटते, कारण तिच्यामुळेच शिक्षक कार्यक्रमाच्या प्रती निःशंकपणे वाटू शकतो.

या स्वयंसेवकांना संगणकाच्या प्रत्येक जातीसाठी कार्यक्रम निराळा बांधावा लागतो, चित्रे मात्र सर्वत्र तीच. म्हणून ती स्वतंत्र पॅकेजात, म्हणजे वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, ठेवतात. डेबियनच्या मुलांसाठीच्या 'डेबियन ज्युनिअर' प्रकल्पाने तर 'ज्युनिअर-आर्ट' यासारखी निव्वळ यादीवजा पॅकेजे केली आहेत; ते एक मागविले की टक्स पेंटही त्याबरोबर येतो. वापरताना दोष आढळल्यास शिक्षकांनी तो डेबियनच्या दोषनोंदवहीत अवश्य कळवावा.