जेद्दाहचे ब्रोस्ट आणि आमचे काफ्रियाल

परदेशात नोकरीला गेलेल्या आपल्या मुलांना घराची आठवण येते ती जेवणाच्या ताटावर. भात कुठेही मिळतो, डाळही मिळते. अडते ते मासळीवर आणि कोंबडीवर. मासळीचे ते सोडून देतात, कारण समुद्रच वेगळा. कोंबडीचे मात्र त्यांना पटत नाही. कोंबडी सगळीकडे कोंबडीच, मग चव का लागत नाही?

डिचोली तालुक्यातला माझा एक जुना विद्यार्थी जेद्दाहला असतो. 2012 मध्ये गोव्यातल्या खाणी बंद झाल्या, वडिलांचा ट्रक दारात उभा राहिला आणि बी.कॉम. झालेला हा मुलगा आखातात गेला. एका खोलीत चौघे राहतात. शुक्रवारी सुट्टी, आणि त्या दिवशी तळलेली कोंबडी खायची हा त्यांचा नेम. नवे दुकान सापडले की मला फोन येतो. वर्गात कधी इतक्या आवडीने उत्तर दिले नसेल!

खरे तर जेद्दाहला तळलेल्या कोंबडीचा तोटा नाही. ‘अल बैक’ हे प्रसिद्ध दुकान 1974 मध्ये त्याच शहरात सुरू झाले. लसणीची पांढरी चटणी, पाव आणि तळलेले बटाटे यांसह मिळणारी त्यांची कोंबडी अनेक वर्षे सौदीच्या पश्चिम भागातच मिळत असे, म्हणून रियाधला जाणारे लोक विमानातून तिचे खोके नेत. दुबईला हे दुकान 2021 मध्ये पोचले. तिकडे या प्रकाराला ‘ब्रोस्ट’ म्हणतात. शब्द एका अमेरिकन कंपनीच्या यंत्राच्या नावावरून आला, तत्त्व मात्र आपल्या कुकरचेच. झाकण घट्ट लावून दाबाखाली तेलात तळले की मांसाचा ओलावा आत राहतो आणि वेळही कमी लागतो. केंटकीच्या कर्नल सँडर्स यांनी 1939 मध्ये प्रेशर कुकर वापरायला घेतला तो याच कारणासाठी. (घरच्या कुकरमध्ये तेल घालून हा प्रयोग कोणी करू नये. तो त्यासाठी बनवलेला नसतो, जिवावर बेतेल.)

एवढे असून आमच्या मुलाचे म्हणणे एकच, “सर, भायर बरें, भितर कायच ना.”

पहिला संशय कोंबडीवर जातो. आखातात ब्राझीलहून गोठवलेली कोंबडी फार मोठ्या प्रमाणावर येते. ती सहाएक आठवड्यांची ब्रॉयलर. आपली गावठी कोंबडी अंगणात उकरत, किडे-दाणे टिपत कित्येक महिने वाढते, तिचे मांस घट्ट आणि चवदार. पण मी त्याला विचारले, “बाबा रे, डिचोलीच्या बाजारात तू जे काफ्रियाल खात होतास, ते कुठे गावठीचे होते?” तेही ब्रॉयलरचेच. तेव्हा कोंबडीला फार दोष देता येत नाही. फरक मसाल्याच्या जागेत आहे. ब्रोस्टची बरीचशी गंमत वरच्या पिठाच्या आवरणात असते. काफ्रियालला आवरणच नाही. आले, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, मिरी, दालचिनी, लवंग हे सगळे विनेगरात किंवा लिंबाच्या रसात वाटायचे, तंगडीला खोल चिरा देऊन ते आत भरायचे, रात्रभर मुरवायचे आणि मग थोड्या तेलात सावकाश तळायचे.

आता हे काफ्रियाल तरी आपले कुठले? ‘काफ्र’ हा पोर्तुगीजांनी आफ्रिकी माणसासाठी वापरलेला शब्द, मूळ अरबी. मोझांबिकचा कारभार 1752 पर्यंत गोव्यातून चालत असे. आफ्रिकी सैनिक आणि गुलाम इकडे आणले गेले, त्यांच्याबरोबर ही रीत आली असे मानतात. पेडणे आणि डिचोली पोर्तुगीजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरीस, त्यामुळे आमच्या हिंदू घरांत चुलीवर शाकुती किंवा कोंबडी-वडेच. काफ्रियालची आणि आमची ओळख झाली बाजारातल्या बारमध्ये, तीही बहुधा घरी न सांगता. पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात स्विंडनला गेलेल्या गोंयकारांना ‘नॅन्डोज’मध्ये जी तिखट कोंबडी मिळते, तिचेही मूळ मोझांबिकच्या पोर्तुगीजांत आहे. चुलत भावंडेच म्हणा ना.

मुलाला तिकडे चव लागत नाही म्हणून त्याच्या आईने मात्र वेगळाच बेत केला होता. गावातला एक जण सुट्टी संपवून मोपाहून निघणार होता, त्याच्याबरोबर शाकुतीचा मसाला पाठवायचा. माउलीने खोबरे भाजले, धणे, बडीशेप, दगडफूल, जायफळ आणि अर्थातच खसखस घालून मसाला दळला. मला कळले तेव्हा मी घरी जाऊन तो थांबवला. खसखस अफूच्या बोंडातली, म्हणून सौदी अरेबिया आणि अमिरातीत तिला बंदी आहे. आपल्याकडे किराणा दुकानात मिळणाऱ्या या दाण्यांपायी तिकडे विमानतळावर अटक होऊ शकते. मसाल्यात मिसळली म्हणजे चालते असे नाही. आणि पकडला जातो तो सामान नेणारा, बिचाऱ्याला आत काय आहे हेही ठाऊक नसते. आपल्या भागातल्या प्रत्येक घराने हे लक्षात ठेवावे. त्या माउलीला मी म्हटले, “वहिनी, खसखशीच्या जागी काजू वाटा.” त्यांना ते फारसे रुचले नाही. दळलेला मसाला घरीच राहिला.

काफ्रियालला ही अडचण नाही. कोथिंबीर, मिरची, लिंबू, आले-लसूण जेद्दाहच्या कुठल्याही दुकानात मिळते, सामानात काहीच न्यावे लागत नाही. कृती मी फोनवर सांगितली, खरे तर ती माझ्या पत्नीने सांगितली. गुरुवारी रात्री तंगड्या मुरत पडतात आणि शुक्रवारी दुपारी तळल्या जातात. वाटणाला दारूचा थेंब नाही, विनेगरवर भागते. सध्या खोलीत वाद आहे तो मिरच्यांचा. मंगळुरूचा सोबती चारच घाला म्हणतो, आमचा दहावर अडून बसला आहे.